नानांचा स्टीलचा डबा

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. माझे सासरे, नाना, ७१ वर्षांचे आहेत. तीस वर्षं सिगारेट ओढली, दहा वर्षांपूर्वी सोडली. दर थंडीत त्यांची छाती भरते. यंदा उत्तरायणाचे दोन्ही दिवस पतंगांपायी गच्चीवरून खाली उतरले नाहीत आणि वासी उत्तरायणाच्या रात्रीपासून खोकला सुरू झाला. हिरवट-पिवळा कफ, जिना चढताना धाप. डॉक्टरांनी ब्राँकायटिस (श्वासनलिकांना सूज) आहे म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन ५०० या अँटिबायोटिकची रोज एक, अशा पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पेनिसिलिनने नानांच्या अंगावर गांधी उठतात, म्हणून ही दिली म्हणाले. तीन गोळ्यांत नानांना बरं वाटलं. आता म्हणतात, उरलेल्या दोन पुढच्या वेळेला होतील. त्यांचा एक स्टीलचा डबा आहे, घरात कोणाच्याही उरलेल्या गोळ्या त्यात जातात. नाना औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते, त्यामुळे या विषयात त्यांना कोणी काही सांगू शकत नाही.

शेजारच्या बेन म्हणाल्या, गोळी गरम पडते, म्हणून मी गोळीबरोबर दूध देते. वरून नाना ॲसिडिटीचं पांढरं औषध दोन झाकणं घेतात. डायबेटिसची (ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन), बीपीची आणि कॅल्शियमची गोळी चालूच आहे. जेवण मात्र जात नाही. (परवा पहाटे त्यांना दरदरून घाम आला, हात थरथरत होते. चहा-बिस्किट दिल्यावर बरं वाटलं. ही गोळीची उष्णताच ना?)

सासूबाईंनाही तीन आठवडे कोरडा खोकला आहे. नानांनी डब्यातली अझिथ्रोमायसिन दिली. एक झाली, दोन उरल्यात. कोर्स अर्धवट सोडू नये म्हणतात, मग त्या संपवायच्या का? दोन महिन्यांपूर्वी त्यांची बीपीची गोळी बदलली आहे, तेवढंच.

— एक सून

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात लिहिलीत.

ती ओळ सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. पत्राखाली नंबर होता, म्हणून लगेच फोन केला. शेजाऱ्यांकडून ग्लुकोमीटर आणून तुम्ही नानांची साखर बघितलीत, ६१ निघाली. साखर-पाणी झालं, जेवण झालं, संध्याकाळी डॉक्टरही झाले. त्यांनी काय बदललं ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तो बदल नानांच्या साखरेसाठी आणि नानांच्या किडनीसाठी होता. हे वाचून कोणी तिसऱ्याच नानांना तसाच डोस द्यायला नको. पण हा सगळा प्रकार घडला कसा, ते मात्र सविस्तर सांगते. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत असे नाना आहेत, आणि डबा तर बहुतेक सगळ्याच घरांत आहे.

मी डॉक्टर नाही. रावपुऱ्यात औषधांच्या काउंटरमागे अठ्ठावीस वर्षं उभी राहिलेली फार्मासिस्ट आहे. कोणाला कोणतं औषध द्यायचं, हे माझं काम नाही. दिलेलं औषध पोटात गेल्यावर शेजारच्या औषधांशी कसं वागतं, हे माझं काम.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला सांगतं, इन्सुलिन सोड. तुम्ही जेवलात की नाही, हे ते विचारत नाही. आजारपणात जेवण अर्ध्यावर आलं आणि गोळी मात्र पूर्ण राहिली, तर साखर तशीही उतरतेच. त्यात लिव्होफ्लॉक्सासिन आणि तिच्या घराण्यातल्या बाकी गोळ्यांना स्वतःचीच एक खोड आहे: त्या साखर वर-खाली करतात, आणि डायबेटिसच्या अशा गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसात ती फार खाली नेऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ साली याच कारणासाठी या गोळ्यांवरचा इशारा आणखी कडक केला. लिव्होफ्लॉक्सासिन शरीराबाहेर पडते ती मुख्यतः किडनीवाटे. सत्तरीत किडनी मंदावलेली असली, तर औषध अंगात रेंगाळतं. म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, जुना रिपोर्ट घरात असेल, तर तोही डॉक्टरांसमोर ठेवायचा.

तेव्हा पहाटेचा तो घाम उष्णतेचा नव्हता. दरदरून घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, बोलण्यात गोंधळ, विनाकारण चिडचिड, यातलं काहीही दिसलं तर आधी साखर मोजा. यंत्र नसेल तर मोजत बसू नका, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, बरं वाटलं की पोळी-भाजी खायला द्या. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. आणि एकदा साखर-पाण्याने भागलं म्हणून निर्धास्त राहू नका. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं.

या सगळ्यात डॉक्टरांची चूक होती का? मला तसं वाटत नाही. साध्या, धडधाकट माणसाला सर्दीपाठोपाठ जो ब्राँकायटिस होतो, तो बहुतेक वेळा व्हायरसचा असतो आणि अँटिबायोटिकने त्याच्या खोकल्यात जेमतेम अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. कफ हिरवा झाला म्हणजे जंतू झाले, हेही खरं नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. पण नानांची गोष्ट वेगळी. तीस वर्षांची सिगारेट, दर थंडीत भरणारी छाती, आणि या वेळेला कफही वाढला, त्याचा रंगही बदलला, धापही वाढली. अशा जुन्या छातीच्या माणसाला ही तीन लक्षणं एकत्र दिसली की अँटिबायोटिक देण्याला अर्थ असतो. राहिला प्रश्न लिव्होफ्लॉक्सासिनचा. २०१६ साली त्याच अमेरिकी नियामकाने म्हटलं, की अशा ब्राँकायटिसच्या उसळीत दुसरा पर्याय असेल तर या घराण्यातल्या गोळ्या राखून ठेवा. नानांना पेनिसिलिन चालत नाही, म्हणजे पहिला दरवाजा बंदच. डॉक्टरांनी निदान तो प्रश्न विचारला होता. दुधाबद्दल, पांढऱ्या औषधाबद्दल आणि जेवणाबद्दल त्यांना कोणी सांगितलंच नसणार. आपल्याकडे ‘बाकी काही औषधं चालू आहेत का?’ याला ‘नेहमीचीच’ असं उत्तर देण्याची पद्धत आहे.

आता ते पांढरं औषध. ॲसिडिटीच्या त्या पातळ औषधात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं. लिव्होफ्लॉक्सासिनला ही धातूमंडळी भेटली की गोळी त्यांच्याशीच चिकटते आणि तिचा बराच भाग रक्तात न जाता तसाच बाहेर निघून जातो. नाना गोळी घेऊन वर लगेच दोन झाकणं पीत होते, म्हणजे कुलूप लावून किल्ली आत टाकत होते. लोह, झिंक, मल्टिव्हिटॅमिन, सुक्राल्फेट, कॅल्शियम यांचीही तीच तऱ्हा. या सगळ्यांपासून गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास अंतर हवं. दुधाने लिव्होफ्लॉक्सासिनचं फार बिघडत नाही, सिप्रोफ्लॉक्सासिनचं मात्र चांगलंच बिघडतं. पण बेन तुम्हाला प्रत्येक गोळीला दूधच सांगणार, तेव्हा सवय पाण्याची लावा. पेलाभर पाणी. ‘गरम पडणं’ ही तक्रार अगदीच खोटी नाही. मळमळ, पोटात जळजळ, तोंड कडू होणं हे होतंच. त्यासाठी थोडं खाऊन गोळी घ्यावी. लिव्होफ्लॉक्सासिनला ते चालतं.

नाना कमाटीबागेत रोज फिरायला जातात, असं फोनवर कळलं. छान. पण या गोळ्यांनी साठीच्या पुढच्या माणसाची टाचेमागची जाड शीर (रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी) दुखावू शकते, क्वचित तुटूही शकते. सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर धोका आणखी वाढतो, आणि धापेसाठी त्या बरेचदा दिल्या जातात. टाचेमागे दुखलं, सुजलं, तर ‘चालून मोकळं होईल’ म्हणून फेरी मारायची नाही. बसायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. हे दुखणं गोळी संपल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतं, म्हणून पुढचे काही महिने लक्षात ठेवा. या गोळ्यांवर असताना ऊनही जास्त भाजतं. उत्तरायण संपलं हे एका परीने बरंच झालं, नाहीतर नानांना गच्चीवरून खाली आणायला माझ्या सदराचा काय उपयोग होता!

उरलेल्या दोन गोळ्यांचं उत्तर आता डॉक्टरांनीच दिलं आहे, पण प्रश्न सगळ्यांचा असतो म्हणून लिहिते. पाच दिवस सांगितले तर पाचच. तिसऱ्या दिवशी बरं वाटणं हे औषध लागू पडत असल्याचं लक्षण, ते संपवल्याचं नव्हे. पूर्वी दहा-दहा दिवसांचे कोर्स असायचे. आता छातीच्या अशा दुखण्याला बऱ्याचदा पाच दिवस पुरतात, म्हणजे डॉक्टरांनी आधीच कमीत कमी दिलेलं असतं. त्यातूनही नाना कापणार असतील तर उरलं काय? थांबवायचं असेल तर डॉक्टरांना विचारून थांबवा, आणि त्यांना विचारल्याशिवाय सहाव्या दिवसावरही नेऊ नका. एखादी गोळी चुकली तर आठवल्यावर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम कधीच नाही.

खोकला मात्र गोळ्या संपल्या तरी जाणार नाही. ब्राँकायटिसचा खोकला साधारण अडीच-तीन आठवडे राहतो, आणि लोकांची अपेक्षा असते आठवड्याची. मग आठव्या दिवशी माणूस काउंटरवर येऊन म्हणतो, ‘याने काही झालं नाही, जरा हाय पॉवरची द्या.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की माणूस पायरी चढताना मला ओळखू यायचं.

तर आता डबा.

फोनवर मी तुम्हाला डबा उघडून एकेक स्ट्रिप वाचायला लावली. पहिलीच निघाली तुमच्या मिस्टरांच्या दाढेच्या वेळची, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. अहो, अमॉक्सिसिलिन म्हणजे पेनिसिलिनचंच भावंड! ज्या माणसाच्या अंगावर पेनिसिलिनने गांधी उठतात, त्याच्याच डब्यात ती चार गोळ्या होऊन बसली आहे. पुढच्या थंडीत खोकला आला, रात्री दवाखाना बंद असला आणि चष्मा हाताशी नसला, तर? आज गांधीवर निभावलं तरी पुढच्या वेळी ओठ-घसा सुजून श्वास अडकू शकतो. शिवाय क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडला ओलावा अजिबात सोसत नाही. म्हणून ती गोळी दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या जाड स्ट्रिपमध्ये येते. नानांना हे माझ्याहून चांगलं माहीत असणार, कदाचित अशा हजारो स्ट्रिपा त्यांच्या हाताखालून गेल्या असतील.

दुसरी होती सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोलची, जुलाबाच्या वेळची. तिसऱ्या तुकड्यावर नाव अर्धं, तारीख गायब. स्ट्रिपच्या एका टोकाला एक्स्पायरी छापलेली असते आणि घरोघरी गोळ्या नेमक्या त्याच टोकाने कापल्या जातात. पॅकिंग खात्यातल्या माणसाला हे मी सांगायचं म्हणजे कमाल आहे. नाना, हे तुम्ही वाचत असाल तर रागावू नका. बडोद्याला औषधं नवीन नाहीत. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिक ही कंपनी सुरू केली, तेव्हापासून हे शहर औषधं बनवतं आहे. पण गोळी नीट बांधणं वेगळं आणि ती कोणाच्या पोटात जावी हे ठरवणं वेगळं.

डब्याचा आणखी एक तोटा सहसा कोणी सांगत नाही. लिव्होफ्लॉक्सासिनच्या घराण्यातल्या गोळ्या टीबीच्या जंतूंवरही काम करतात. हट्टी टीबीच्या उपचारात त्या वापरतातही. समजा, घरात कोणाला टीबीचा खोकला आहे आणि डब्यातल्या चार गोळ्या पोटात गेल्या. आठवडाभर बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडत नाहीत, निदान लांबतं आणि उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं २०१४ पासून सरकारच्या एच-वन या कडक यादीत आहेत, ती जंतू औषधांना असे सरावू नयेत म्हणूनच. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. ‘मेडिकलवाला ओळखीचा आहे, देतो,’ असं कौतुकाने सांगणाऱ्यांना मी विचारते, तो ओळखीचा आहे तर मग नाही का म्हणत नाही?

यावरून सासूबाईंकडे येते. त्यांच्या उरलेल्या दोन अझिथ्रोमायसिन संपवायच्या का? नाही. कोर्स पुरा करा हे वाक्य डॉक्टरांनी लावून दिलेल्या कोर्सासाठी आहे, नानांनी डब्यातून काढलेल्या गोळीसाठी नाही. जो कोर्स कोणी सुरूच केला नव्हता, तो अर्धवट कसा राहील? एक घेतली होती, एवढं मात्र डॉक्टरांना सांगा. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर आवर्जून सांगा, कारण अझिथ्रोमायसिनने काहींचा ठोका बिघडू शकतो.

आणि दोन महिन्यांपूर्वी बदललेली बीपीची गोळी! तुम्ही ‘तेवढंच’ लिहून पुढे गेलात, माझा चष्मा तिथेच अडकला. स्ट्रिपवरच्या नावाचा शेवट ‘प्रिल’ असा आहे का बघा. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घशात कुसळ टोचल्यासारखा खोकला लागतो. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनीही. तो कोणत्याच अँटिबायोटिकने, कोणत्याच सिरपने जात नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली की हळूहळू जातो. मनानेच बीपीची गोळी बंद करू नका, एवढी कृपा करा. मी एका गृहस्थांना अशा खोकल्यासाठी आठ महिने सिरपच्या बाटल्या विकल्या, नंतर कळलं. अजून टोचतं ते.

नाव ‘प्रिल’ने संपत नसेल, तरी दोन आठवड्यांच्या वरचा खोकला म्हणजे छातीचा एक्स-रे आणि कफ पडत असेल तर त्याची तपासणी व्हायला हवी. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, आपल्याकडे सयाजी हॉस्पिटलमध्येही. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि घरात लहान मूल असेल तर उशीर करण्यासारखंही नाही. तोवर सासूबाईंना डायबेटिस नसेल तर चमचाभर मध, कोमट पाणी. वाफ घ्यायची असेल तर पातेलं मांडीवर ठेवून नको. पोळलेल्या मांड्या मी पुष्कळ बघितल्या आहेत.

नानांवर मात्र नजर ठेवा. बसल्या बसल्या धाप, ओठ निळसर, कफात रक्त, छातीत दुखणं, बोलताना असंबद्ध, उतरलेला ताप परत चढणं, यातलं काहीही झालं तर फोन-बिन न करता थेट दवाखाना. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात असेलच, तो आकडा त्यांच्या नेहमीच्या आकड्याहून खाली गेला तरी तेच. दिवसातून तीन-चारदा पाण्यासारखे जुलाब झाले तर ते दडपायच्या गोळ्या देऊ नका, आधी डॉक्टरांना सांगा. अँटिबायोटिकमागून आतड्यात एक वेगळाच जंतू कधीकधी माजतो. बरे झाले की फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल विचारा, पुढचं उत्तरायण येण्याआधी.

डबा रिकामा करताना गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकू नका. स्ट्रिपमधून काढून, चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवीत घट्ट बांधून घरातल्या धोकादायक कचऱ्यात द्या. मुलांच्या हाती लागणार नाहीत हे बघा. हे काम नानांनाच करू द्या, बंद स्ट्रिप उघडताना त्यांना त्रास होणार, पण दुसऱ्याने केलं तर अजून होईल.

डबा मात्र टाकू नका. चांगला स्टीलचा आहे. त्यात एक कागद ठेवा, नानांच्याच अक्षरात: सकाळी काय, रात्री काय, किती मिलिग्रॅम, कशासाठी, पांढरं औषध आणि कॅल्शियमसकट. दवाखान्यात जाताना डबाच घेऊन जायचा, म्हणजे ‘नेहमीचीच’ म्हणायची वेळ येणार नाही. कागदाच्या डोक्यावर लाल शाईने, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं लिहा: पेनिसिलिन चालत नाही. अमॉक्सिसिलिनसुद्धा नाही.